सालीचं कापड

मसाकाकडून येणारं डांबर जिथे लाल मातीत संपतं
तिथून तिसरं घर आमचं.
दर मंगळवारी अपोलोनिया नर्स मोटरसायकलवरून यायची,
पिशवीत, पाण्याच्या जुन्या बाटलीत,
हिरवं मॉर्फिन.
बाबा एक झाकण घ्यायचे, तोंड वाकडं करायचे,
आणि तासभर पुन्हा तादेओ सेबुलिबा व्हायचे,
गावाला कफन पुरवणारे.

आमच्याकडे मेलेल्याला झाडाच्या सालीत गुंडाळतात.
मुटुबाची साल. ओली असताना लाकडी मोगरीनं
ठोकत राहिलं की हातभर पट्टी
चादरीएवढी होते, उन्हात तिला रंग चढतो.
आई म्हणायची, वाळल्या रक्ताचा.
बाबा म्हणायचे, चहाचा.

फादर बुकेन्या आले. म्हणाले,
प्रभू आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो.
बाबांनी त्यांना भुईमूग दिले.
ते गेल्यावर म्हणाले,
"चांगला मुलगा आहे. अजून काही दुखलं नाही त्याला."

मग मीच विचारलं,
चाळीस वर्षं तुम्ही मिस्सा गायलात,
त्याला दुसरी जागा सापडली नाही?
घसाच?

ते कितीतरी वेळ गप्प.
मग सुरी दिली, केळीच्या देठाची पाचर दिली.
"मागच्या झाडाची साल काढ."

मी कधी काढली नव्हती. आमच्या घरात बायका
त्या झाडावर चढत नाहीत.
खुर्ची झाडाखाली नेली, खुर्चीत बाबा.
वर एक चीर, खाली एक, मधून उभी रेघ.
पाचर सरकवत गेले तशी साल सुटली
अंगाला चिकटलेल्या ओल्या सदऱ्यासारखी,
आणि झाड उभं राहिलं
पांढरं, उघडं, घामेजलेलं.
छातीच्या उंचीवर माझी सुरी खोल गेली होती.
चीक येत राहिला. थांबेना.

बाबा रडले.
स्वतःसाठी रडले नव्हते इतक्या महिन्यांत.

"झाक त्याला. लवकर."
मी केळीची पानं लावत गेले, सोपटानं बांधत गेले
बुंध्यापासून वरपर्यंत, हात थरथरत,
कुणाला तरी खाली उतरवून घेतलंय
आणि सूर्य बुडायच्या आत आटपायचंय, अशी.

तेव्हा ते बोलले, उरलेल्या अर्ध्या आवाजात.
"का, ते मला कळलं नाही गं.
एवढंच ठाऊक आहे, तोही असाच सोलला गेला
आणि कुणीतरी त्याला झाकलं.
झाकणाऱ्यांना पुढचं काही माहीत नव्हतं.
जे झालं ते आत झालं. शनिवारी.
कुणी बघत नसताना."

बाबा गुरुवारी गेले.
अपोलोनियानं बाटलीत उरलेलं मोजलं,
नोंदवहीत मिलिलिटर लिहिले, सही घेतली,
आणि मग ओट्यावर बसून तिने तोंड झाकून घेतलं.
मी ठोकलेल्या कापडात बाबांना गुंडाळलं.
कुठे जाड, कुठे विरलेलं,
छातीपाशी भोक.
मावशी म्हणाली, ठिगळ लाव.
मला सुई सापडली नाही. खरं तर शोधली नाही.

नवव्या दिवशी पानं सोडली.
खाली नवी साल, तान्ह्याच्या टाळूसारखी,
बोट लावायची भीती वाटावी अशी.
त्या एका जागी मात्र नाही.

अकरा वर्षं झाली. दर पावसाळ्यात सोलते, झाकते.
दर वर्षी झाड अंगावरचं काढून देतं
आणि दर वर्षी कापडात तेवढीच एक जागा रिकामी.
रविवारी मी गाते, बाबांइतकं नाही.
काही रविवारी नुसती बसते.

गिऱ्हाईक कापड उजेडात धरतं,
भोकातून बोट घालून बघतं.
मला थोमा आठवतो, त्याचं ते बोट,
आणि मरण ओलांडून आलेला तो दुसरा,
ज्याला जखमा बुजवून येता आलं असतं.

"हे काय?" गिऱ्हाईक विचारतं.
असू दे, म्हणते.
दोन हजार शिलिंग कमी द्या.